परीक्षा मागच्या सीटवरून: सातारकराने घरासाठी एसयूव्ही कशी निवडावी

गाडी चालवण्याची मनापासून आवड असलेला माणूस घरासाठी एसयूव्ही घ्यायला निघाला की त्याच्या डोक्यात इंजिनाचे आकडे घोळू लागतात आणि घरच्यांच्या डोक्यात आईचे गुडघे, मुलांची दप्तरे, गावाकडून आणायचे तांदळाचे पोते आणि घाट सुरू होताच पिशवी धरून बसणारे धाकटे पोर. यात कोणीतरी माघार घ्यायलाच हवी, असे धरून बहुतेक जण चालतात. मला ते पटत नाही. साताऱ्याच्या चारही दिशांना घाट आहेत, आणि भरल्या घरासह यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट जी गाडी शांतपणे चढते आणि उतरते, तीच गाडी एकट्याने चालवायलाही आनंद देते, असा माझा अनुभव आहे. ती ओळखायची मात्र मागच्या सीटवर बसून. पुढील सगळा क्रम त्या एका कसोटीभोवती मांडला आहे.

आधी महिनाभराची वही

शोरूमची पायरी चढण्यापूर्वी एक महिना गाडीत वही ठेवावी. प्रत्येक फेरीला किती माणसे होती, किती किलोमीटर झाले, रस्ता शहरातला, महामार्गाचा की घाटाचा होता आणि डिकीत काय होते, एवढेच लिहावे. मी असे केले तेव्हा महिन्याच्या सुमारे १,१०० किलोमीटरपैकी निम्म्याहून अधिक अंतर घर, शाळा आणि देगावची एमआयडीसी यांच्यात गेल्याचे दिसले. सात माणसे एकत्र बसण्याची वेळ वर्षातून दोनदा येत होती, एकदा गावच्या यात्रेला आणि एकदा दिवाळीत. ‘सात सीटर हवीच’ हा घरातला आग्रह त्या वहीपुढे आपोआप मावळला. सात सीटर घ्यायचीच असेल, तर शोरूममध्ये तिसरी रांग उभी करून डिकीत प्रत्यक्ष एक बॅग ठेवून पाहावी, कारण बऱ्याच गाड्यांत मग दप्तरांपलीकडे काही मावत नाही.

पैशाचा हिशेब: जाहिरातीतली किंमत आणि दारातली किंमत

गाडीची लांबी आणि इंजिनाचा आकार यांवर कर ठरतो, हे आधी समजून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी असलेल्या आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या मोटारींना १८ टक्के जीएसटी लागतो, तर यातली एकही अट मोडणाऱ्या गाडीला ४० टक्के. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ५ टक्के आहे. त्यामुळे बाहेरून एकाच मापाच्या वाटणाऱ्या दोन गाड्या वेगवेगळ्या करात बसतात. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांत जाते. टाटा नेक्सॉन आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ पेट्रोल व डिझेल दोन्हींत १८ टक्क्यांत राहतात.

यावर महाराष्ट्राचा रस्ता कर येतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, १० ते २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के, तर डिझेल गाडीला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के कर आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर तो २० टक्के होतो, म्हणून ‘फर्मच्या नावावर घ्या, घसारा मिळेल’ असा सल्ला देणाऱ्याला हा फरकही मांडायला सांगावा. १५ लाख एक्स-शोरूम (रस्ता कर आणि विमा वगळून) किमतीच्या पेट्रोल गाडीवर १,८०,००० आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीवर २,१०,००० रुपये रस्ता कर होतो. दहा लाखांवरील गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, वेगळा भरावा लागतो; तो आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो, त्यामुळे त्याची पावती जपून ठेवावी.

कर्जाबाबत थोडक्यात. १० लाखांचे कर्ज ९ टक्के घटत्या शिलकीच्या दराने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २०,७५८ रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार होते. तेच सात वर्षांवर नेले तर हप्ता १६,०८९ वर येतो, पण व्याज साडेतीन लाखांवर जाते. आपल्याकडे ओळखीच्या पतसंस्थेतून कर्ज घेण्याची पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त दर घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, हे लेखी विचारावे. ९ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांत साडेचार लाख व्याज भरावे लागते, म्हणजे प्रत्यक्षातला दर १५ टक्क्यांहून अधिक पडतो.

इंजिन: घाटाला टॉर्क लागतो

शक्तीचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो, घाटात मात्र उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाक फिरवण्याचा जोर, आणि त्याहूनही तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो ही गोष्ट. ह्युंदाई क्रेटाचे उदाहरण घेऊ. तिचे १.५ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ११५ पीएस (अश्वशक्तीचे एकक) देते आणि डिझेल ११६ पीएस. कागदावर दोघे जुळे भाऊ वाटतात. पण पेट्रोलचा टॉर्क १४४ न्यूटन मीटर आहे आणि तो ४,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, तर डिझेलचा २५० न्यूटन मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. पाच माणसे आणि सामान घेऊन केळघर घाटाच्या वळणातून बाहेर पडताना पहिल्या इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्ये ओरडावे लागते. दुसरे तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत निघते.

उंचीचाही भाग आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. हवा विरळ होत जाते तसे टर्बो नसलेले इंजिन आपल्या शक्तीचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक गमावते. टर्बो असलेले इंजिन हवा दाबून घेत असल्याने ही घट बरीचशी भरून काढते. म्हणून आवडीने चालवणाऱ्या सातारकराने टर्बो पेट्रोल किंवा डिझेल यांतूनच निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांचे १.५ टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देते. वळणांच्या रस्त्यावर या वर्गात मला त्याहून गोड इंजिन भेटलेले नाही. एक्सयूव्ही ३एक्सओचे १.५ लिटर डिझेल ३०० न्यूटन मीटर देते आणि तेही चार मीटरच्या आतल्या गाडीत, हे विसरू नये.

डिझेल घ्यावे की पेट्रोल, हे वहीतल्या किलोमीटरवर ठरवावे. पेट्रोल लिटरला १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरले, आणि प्रत्यक्ष ॲव्हरेज अनुक्रमे १२ आणि १७ मानले, तर किलोमीटरमागे ८ रुपये ७५ पैसे आणि ५ रुपये ३५ पैसे पडतात. डिझेल गाडी करासह १ लाख ८० हजारांनी महाग असेल, तर तो फरक भरून निघायला सुमारे ५३,००० किलोमीटर लागतात. वर्षाला २०,००० किलोमीटर होत असतील तर तीन वर्षांच्या आतच हिशेब जुळतो. ८,००० होत असतील तर डिझेलचा हट्ट केवळ टॉर्कसाठी आहे, हे स्वतःशी कबूल करून मगच धरावा. शिवाय नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची काजळीची गाळणी असते. ती जाळून स्वच्छ होण्यासाठी गाडीला अधूनमधून महामार्गावर सलग वेगात धावावे लागते. जिची सगळी हयात शहरातल्या राजवाडा ते पोवई नाका एवढ्यात जाणार आहे, अशा गाडीला डिझेल इंजिन लावून घेणे म्हणजे रोज धोक्याचा दिवा पाहण्याची तयारी ठेवणे होय.

विजेच्या गाडीबद्दल मी इथे थोडेच लिहितो. महाराष्ट्रात तिला रस्ता करात माफी आहे, टॉर्क पहिल्या क्षणापासून असतो आणि घाट उतरताना बॅटरीत थोडी वीज परतही येते. घरी स्वतःचे पार्किंग आणि चार्जर असेल तर तिचा विचार जरूर करावा. चढावर मात्र रेंज डोळ्यांदेखत घटते, त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला सपाट रस्त्यावरचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये.

गिअरबॉक्स: खंबाटकीतला शनिवार

पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहतूक वर्षानुवर्षे खंबाटकीचा घाट चढून येत आली आहे आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी बोगद्यातून. सुटीच्या शनिवारी सकाळी त्या चढावर एखादा मालाने भरलेला ट्रक अडकला की अर्धा तास गाडी एकेक फूट पुढे सरकते. कोणता गिअरबॉक्स घ्यावा, याचा निकाल तिथे लागतो.

साधा मॅन्युअल गिअर स्वस्त, टिकाऊ आणि आवडीने चालवणाऱ्याच्या हातात सर्वाधिक सत्ता देणारा आहे. पण घरात दुसरेही कोणी गाडी चालवणार असेल, तर त्यांच्या डाव्या पायाचे मत विचारावे. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा ऑटोमॅटिक अशा रांगत्या चढावर सर्वांत निर्धास्त असतो. ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी, गिअर इतक्या झटकन बदलतो की मोकळ्या घाटात त्याला तोड नाही. त्यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला मात्र चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरणे मानवत नाही, क्लच तापतो. पुढे तीन-चार गाड्यांची जागा होईपर्यंत ब्रेक दाबून थांबावे आणि मग एकदम निघावे, ही शिस्त घरातल्या प्रत्येक चालकाला लावावी लागते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, शहरात मऊ चालतो, पण चढावर आवाज आधी येतो आणि वेग नंतर. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरच यंत्राने बदलणारा प्रकार, हा स्वस्तातला पर्याय असून गिअर बदलताना तो जो झोका देतो, तो मागच्या सीटवर दुप्पट जाणवतो. गाडी लागणाऱ्या मुलांच्या घरात एएमटी आणू नये.

सस्पेन्शन, ब्रेक आणि खिडकीची उंची

उंच गाडी वळणात कलते, आणि चालक स्टिअरिंगला धरून बसलेला असल्याने ते कलणे त्याला फारसे बोचत नाही. मागे बसलेल्यांना धरायला काही नसते. म्हणून सस्पेन्शनबद्दल ‘मऊ’ आणि ‘कडक’ हे दोन शब्द पुरेसे नाहीत. खड्ड्यातून गेल्यावर गाडी एकदाच हलून स्थिर होते की दोन-तीन झोके खाते, हे पाहावे. एकदाच हलणारी गाडी शोरूमच्या दारात थोडी कडक वाटेल, पण पाटणहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला पोहोचेपर्यंत तीच सर्वांना आवडू लागेल.

स्कॉर्पिओ-एन किंवा थार रॉक्स यांसारख्या शिडीच्या चौकटीवर बांधलेल्या गाड्यांचे आकर्षण मला कळते. शेतापर्यंत चिखलाची वाट असेल, तर त्यांना आणि चारचाकी चालनाला अर्थ आहे. तशी वाट नसेल, तर एकसंध सांगाड्याच्या, म्हणजे मोनोकॉक गाड्या वळणात अधिक सरळ वागतात आणि पैसेही वाचवतात.

ब्रेकच्या बाबतीत चारही चाकांना डिस्क असणे चांगले, पण घाट उतरताना खरे काम इंजिनाचे असते. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल असावेत आणि दुसरा गिअर धरून ठेवायला सांगितल्यावर गाडीने तो सोडू नये. चालकाच्या दरवाजाच्या खांबावर टायरमधल्या हवेचे दोन आकडे छापलेले असतात, एक मोजक्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. शोरूमच्या टेस्ट गाडीत ते कोणी पाहिलेले नसतात. फेरीपूर्वी हवा तपासून घ्यावी, नाहीतर चुकीच्या हवेवर चांगल्या गाडीला दोष लागतो.

खिडकीच्या उंचीचे महत्त्व मला आईमुळे कळले. एका गाडीवर माझे मन जवळजवळ बसले होते. इंजिन उत्तम, स्टिअरिंग नेमके, रंगही ठरलेला. यवतेश्वरच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून आईचा आवाज आला, “अरे, मला बाहेरचं काही दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतंय.” मी गाडी बाजूला घेतली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. खिडकीची खालची कड मागे चढत गेलेली होती आणि पुढच्या सीटच्या रुंद पाठीमुळे समोरचा रस्ताही दिसत नव्हता. माझी मुलगी तर पुरती खड्ड्यात बसल्यासारखी होती. डोळ्यांना हालचाल दिसत नाही आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र ती जाणवते, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. जिथून बाहेरचा रस्ता आणि क्षितिज दिसते, तिथे गाडी कमी लागते. ती गाडी आम्ही घेतली नाही.

सुरक्षितता: तारे आणि ताऱ्यांमागचे गुण

भारत एनकॅप ही आपली स्वतःची अपघात चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यात प्रौढांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण देतात. पाच तारे पाहून थांबू नये, दोन्ही गुण स्वतंत्रपणे वाचावेत आणि आपण घेत असलेली आवृत्ती त्या निकालात समाविष्ट आहे का, हे विचारावे. सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागताच सावरणारी यंत्रणा), मागच्या तिन्ही जागांना तीन बिंदूंचे पट्टे आणि लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक यांवर तडजोड नको. सनरूफसाठी वरची आवृत्ती घेण्याआधी खालच्या आवृत्तीत या चार गोष्टी आहेत का ते पाहावे. बहुधा असतात, आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर येतात.

हेडलाइटची परीक्षा सहसा कोणी घेत नाही, कारण टेस्ट ड्राइव्ह दिवसा होते. ऊस गाळपाच्या हंगामात कोरेगाव, कराड किंवा वाळव्याच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्री मागे एकही दिवा नसताना चाललेला असतो. तो किती अंतरावरून दिसतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. संध्याकाळी सातनंतरची एक फेरी आग्रहाने मागून घ्यावी. काळोखात डाव्या कडेची साइडपट्टी किती दिसते ते पाहावे, आणि वळणात प्रकाश रस्त्यावर पडतो की दरीत, तेही.

रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी, चालकाला साहाय्य करणारी एडास प्रणाली महामार्गावर उपयोगी आहे. अरुंद घाटात, जिथे पट्टेच नसतात आणि दुचाकीस्वार कोणत्याही बाजूने येतो, तिथे लेन धरून ठेवणारा भाग स्टिअरिंगशी झोंबतो. तो एका बटणाने बंद होतो की पडद्यावर चार पाने उलटावी लागतात, हे गाडी उभी असतानाच तपासावे.

टेस्ट ड्राइव्ह: दीड तासाचा मार्ग

शोरूमचा प्रतिनिधी आपल्याला महामार्गावर दोन किलोमीटर नेऊन परत आणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दिवसात अशा दहा फेऱ्या असतात. आपण मंगळवार किंवा बुधवारची दुपार आधी ठरवून घ्यावी, दोन गाड्यांवर निवड आल्यावरच ही मोठी फेरी मागावी आणि घरातल्या चौघांना बरोबर न्यावे. पितृपंधरवड्यात शोरूम ओस असतात. त्या दिवसांत प्रतिनिधी दीड तास आनंदाने देतो आणि भावातही सैल असतो. बुकिंग तेव्हा करून ताबा नवरात्रात घेतला, तर वडीलधाऱ्यांचाही आक्षेप राहत नाही.

सुरुवात पोवई नाक्याच्या गर्दीतून करावी. क्लचचा पल्ला, वळण्याचा घेर, मागचे दिसणे आणि एसी थंड व्हायला लागणारा वेळ इथे कळतो. मग वाढे फाट्यावरून महामार्गाला लागून लिंब खिंडीच्या बाजूला जावे. ८० च्या वेगाला मागच्या सीटवरच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येते का, आणि ट्रक ओलांडताना पायाखाली काही शिल्लक आहे का, एवढेच पाहावे. कायद्यात बसणाऱ्या वेगात जी गाडी कंटाळवाणी वाटते, ती आपल्या कामाची नाही.

तिथून परत फिरून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरावा. एसी चालू, चार माणसे आत. पहिल्या चढावर रस्ता मोकळा पाहून गाडी थांबवावी आणि पुन्हा काढावी. ती किती मागे सरकते आणि हिल होल्ड, म्हणजे चढावर आपोआप लागून राहणारा ब्रेक, किती सेकंद धरतो, हे कळते. वळणात २०-२५ च्या वेगाने शिरून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिन क्षणभर विचार करून मग उडी मारत असेल, तर तो टर्बोचा उशीर आहे आणि अशा प्रत्येक उडीला मागच्या सीटवरची मान हलणार आहे. ऑटोमॅटिक गाडी चढावर दुसरा की तिसरा अशी घुटमळत असेल, तर तेही तिथेच उघड होते. उजव्या वळणात काचेशेजारचा खांब आणि आरसा मिळून समोरून येणारी अख्खी मोटारसायकल लपवतात का, हे पाहायला विसरू नये. उतरताना दुसरा गिअर धरावा, आणि खाली आल्यावर चाकांजवळ जाऊन जळका वास येतो का ते पाहावे.

आता महत्त्वाचा भाग. वर थोडे थांबून चावी प्रतिनिधीच्या किंवा भावाच्या हाती द्यावी आणि आपण मागच्या सीटवर मधोमध बसावे. आवड असणाऱ्याला हे जिवावर येते, मलाही आले होते. पण घरची माणसे पुढची आठ-दहा वर्षे ज्या गाडीत बसणार आहेत, ती गाडी आपल्याला पहिल्यांदा इथे भेटते. मांडीला आधार आहे का, गुडघे पुढच्या सीटला लागतात का, वारा मागे येतो का, वळणात धरायला हात कुठे जातो, आणि मागच्या चाकांवरचा प्रत्येक दणका पाठीत येतो का, हे त्या पंधरा मिनिटांत समजते. मी शेवटी जी गाडी घेतली ती चालवताना दुसऱ्या क्रमांकाची होती. मागे बसल्यावर ती पहिली आली, आणि आज चालवतानाही मला काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. आईंना साडीत दोनदा चढायला आणि दोनदा उतरायला सांगावे. पहिल्यांदा त्या उत्साहात चढतात, दुसऱ्यांदा खरे कळते.

भाव, विमा आणि कागद

दर पत्रक नेहमी ओळीओळीने मागावे. त्यात ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची रक्कम असेल तर ती काढायला सांगावी; रस्ता कर, नोंदणी, विमा, फास्टॅग आणि टीसीएस यांपलीकडे सक्तीचे काही नसते. विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा भाग वर्षाचा घेता येतो. त्यात झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारे संरक्षण, आणि पावसाळ्याचा विचार करून इंजिन संरक्षण घ्यावे. बाहेरचे दोन भाव काढून शोरूमला दाखवले की तिथलाही भाव खाली येतो, आणि मग ओळखीचे वर्कशॉप व रोकडविरहित सोय यांसाठी तिथूनच घ्यायला हरकत नाही.

पुण्यातून गाडी घेतली तरी पत्त्यानुसार पासिंग साताऱ्यालाच, एमएच-११ मध्ये करून घेता येते. कराड-पाटणकरांना एमएच-५० मिळतो. थोड्या सवलतीसाठी पुण्याला जाण्यापूर्वी पहिल्या तीन वर्षांची सर्व्हिस कुठे करणार आहोत, याचा विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत मोठी सूट असते, पण ती गेल्या वर्षी बनलेल्या गाडीवर असेल, तर विकताना एक वर्ष वजा होणार हे भावात आधीच धरावे.

ताबा घेण्यापूर्वीची तपासणी

ही पायरी मुहूर्ताच्या दिवशी कधीही करू नये. आधीच्या गाडीच्या वेळी मी दसऱ्याच्या दिवशी ताबा घेतला. शोरूममध्ये हार, पेढे, फोटो आणि रांगेत उभ्या वीस गाड्या. कोणी काही पाहू दिले नाही आणि मीही पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात अंगणात गाडी पुसताना उजव्या मागच्या दरवाजाचा रंग शेजारच्या पत्र्याहून किंचित फिका दिसला. यार्डात घासून पुन्हा रंगवलेला दरवाजा होता. विक्रेत्याने माझी ताबापावतीवरची सही पुढे केली आणि विषय तिथे संपला.

म्हणून पासिंगच्या आधी, पूर्ण पैसे भरण्याच्याही आधी, स्टॉकयार्डात जाऊन दिवसाउजेडी गाडी पाहावी. चेसिस क्रमांक कागदाशी ताडून पाहावा आणि उत्पादकाकडून येणाऱ्या फॉर्म २२ वर बनावटीचा महिना वाचावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. स्टेपनीसह पाचही पाहावेत. पत्रा समोरून न पाहता कडेने, तिरक्या नजरेने पाहावा, रंगातला फरक तसाच दिसतो. बॉनेट उघडून वायरींवर उंदराचे दात लागले आहेत का ते पाहावे; यार्डात महिनोन्‌महिने उभ्या गाड्यांत हे घडते. प्रत्येक काच, दिवा, बटण आणि दोन्ही चाव्या चालवून पाहाव्यात, किलोमीटर लिहून घ्यावेत आणि सगळे ठीक असेल तर त्याच चेसिस क्रमांकाचे पासिंग करायला लेखी सांगावे. मग दसऱ्याला हार घालून पेढे वाटायला काहीच अडचण नाही.

पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत इंजिन एकाच वेगावर ताणून धरू नये, फेऱ्या कमीजास्त ठेवाव्यात आणि पूर्ण भाराने महाबळेश्वर गाठण्याची घाई करू नये. या काळात ऐकू आलेली प्रत्येक खडखड पहिल्या सर्व्हिसच्या जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दरवाजातली किरकिर आईने शोधून काढली, कारण घाटात त्या खिडकीशी तीच बसते.